सामाईक भिंतीचा गिलावा

आमच्या घराची भिंत सासऱ्यांच्या पगडीवर पडली तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. सगळी भिंत पडली नाही, ताटाएवढी एक खपली पडली. पण पगडी नवी होती आणि सासरे जुन्या वळणाचे.

आमची ही पहिल्या बाळंतपणासाठी सासवडला माहेरी गेली होती. मुलगी झाली, बारसं झालं, आणि दोन महिन्यांनी सासरे बुधवारात काही खरेदीला आले ते पाठवणीचा दिवस ठरवायला म्हणून माझ्याकडे उतरले. पेठेतल्या एका बोळात आमचं दोन खणांचं घर. पोथ्यांच्या आणि कागदपत्रांच्या नकला करून देणं हा माझा उद्योग. बाहेरच्या खोलीत मी लिहायचो, आतल्या खोलीत आमचा संसार.

"पाळणा कुठे बांधणार?" सासऱ्यांनी विचारलं.

मी आतल्या खोलीतली तुळई दाखवली. तिच्या मागे भिंतीत एक मोठा कोनाडा होता. वर महिरप, खाली समईची जागा. त्या भिंतीचा गिलावा कित्येक दिवसांपासून फुगलेला होता. आम्हाला त्याची सवय झाली होती. कोनाड्यातली समई लावताना आम्ही आपोआप डावीकडे झुकायचो. सासऱ्यांना ती सवय नव्हती. त्यांनी काठीचं टोक फुगवट्यावर टेकवलं, आणि वरून खपली सुटली.

त्यांनी पगडी काढली, अंगणात जाऊन झटकली, परत आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "जावईबापू, मुलगी तुमचीच, नातही तुमचीच. भिंत झाली की निरोप पाठवा. दोघींना आणून सोडतो."

मुलीचं तोंड मी अजून पाहिलं नव्हतं. तेव्हा भिंत करायची हे नक्की.

पण गवंडी कुठे होते? त्या हंगामात एका बड्या सरदारांचा नवा वाडा उठत होता आणि शहरातला झाडून सगळा गवंडी तिकडे गुंतला होता. दोघातिघांकडे गेलो. एक म्हणाला, "होळीनंतर बघू." अजून दिवाळीचे आकाशदिवेही उतरले नव्हते. परत येताना मी मनाशी म्हटलं, चुना, वाळू, पाणी. यात असं काय आहे?

कळीचा चुना आणला. दगडासारखे पांढरे खडे. ते पाण्यात टाकून विझवायचे एवढं मला माहीत होतं. रांजण अर्धा भरला होता, त्यात सगळी टोपली एकदम ओतली. आधी काहीच झालं नाही. मग आतून गुरगुर सुरू झाली, वाफ आली, पाणी उकळायला लागलं, आणि मी बघता बघता रांजण उभा चिरला. पांढरी कढत पेज अंगणभर पसरली आणि कुडाच्या खालून शेजारच्या अंगणात शिरली.

शेजारी एक वृद्ध वैद्य राहायचे. आमची मागची, कोनाड्याची भिंत म्हणजेच त्यांचीही भिंत, सामाईक. माझे वडील आणि ते यांच्यात एका पन्हळीवरून वाजलं होतं. आमच्या छपराचं पाणी त्यांच्या अंगणात पडतं की त्यांचं आमच्या, असा काहीतरी वाद होता. वडील गेले, पन्हळही गंजून गेली, अबोला तेवढा राहिला. नऊ वर्षं मी तो वडिलांच्या पोथ्यांसारखा नीट सांभाळला होता.

वैद्यबुवा माझ्याशी बोलले नाहीतच. मला ऐकू येईल अशा आवाजात ते आपल्या बायकोला म्हणाले, "ऐकलंत का? शेजारी आज घर धुताहेत. चुन्याने. आपल्या वाळत घातलेल्या अनंतमुळाच्या मुळ्याही धुऊन मिळाल्या."

मी तोंड न उघडता अंगण खरवडलं. दुसऱ्या दिवशी नवा चुना, नवा रांजण. या वेळी एक-एक खडा टाकला. विझलेला चुना वाळूत कालवला, आणि खोलीत जाऊन भिंतीला हाताने थापायला लागलो. थापी नावाचं हत्यार असतं हे मला ठाऊक होतं, पण हाताने काम भराभर होत होतं. दुपारपर्यंत कमरेपासून वरची सगळी भिंत पांढरीशुभ्र झाली. मी स्वतःवर इतका खूश झालो की पिठलं-भात शिजवून नेहमीपेक्षा दुप्पट जेवलो. हात धूत होतो तेवढ्यात आतून "धप्प" आवाज आला. जाऊन पाहतो तर सगळा गिलावा जमिनीवर. तुकडे झाले नव्हते. घडी घातलेल्या दुलईसारखा भिंतीच्या पायाशी पडला होता.

पुढच्या खेपेला पातळ थर दिला. तो पडला नाही. वाळला, आणि त्याला इतक्या भेगा गेल्या की उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा तळ बघावा. बोट लावलं की एकेक पापुद्रा उचलून यायचा. कोनाड्याच्या महिरपीखाली तर काहीच ठरेना. वर लावावं, हात काढावा, की थेट तोंडावर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाहिलं तर बोटांची कातडी सोलली होती. बोरू धरवेना. एका यजमानांची पोथी अर्धी राहिली होती, तीही थांबली.

हौदावर पाणी भरायला येणाऱ्या एका बाईंना माझे हात दिसले. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत याचं मला आजही नवल वाटतं. म्हणाल्या, "आमच्या बिबवेवाडीत एक म्हातारा गवंडी आहे. दिसत नाही त्याला आता, काम सोडलंय. पण विचारून तर बघा."

मी बिबवेवाडीची वाट धरली. म्हातारा विहिरीच्या काठावर बसून घेवडा सोलत होता. दोन्ही डोळ्यांवर सारा, पांढरा पडदा आला होता. मी सगळी हकीकत सांगितली. तो शेंगा सोलत राहिला.

"चुना कवा इझवला?"

"आदल्या दिवशी."

"आन दुसऱ्या दिशी लावला?"

"हो."

"भितीला पानी पाजलं व्हतं का?"

"भिंतीला पाणी?"

त्याने शेंग खाली ठेवली. "देवा, तान्हेली भित हाय ती. तुमी चुना लावला, तिनं त्यातलं पानी पिऊन टाकलं. मंग चुन्यात ऱ्हायलं काय? हात बघू."

त्याने माझे हात आपल्या हातांत घेतले, बोटं चाचपली, आणि पहिल्यांदाच जरा हळहळला. "हात फोडून घेतलंत की. तेल न्हाई लावलं?"

"सांगितलं नाही कुणी."

"इचारलं कुनाला?"

मी हात काढून घेतले. "बाबा, एकदा येऊन बघाल का?" मी म्हटलं.

"बघाया डोळं कुठं हायत?" तो म्हणाला. "पर येतो. बाजाराच्या दिशी भाजीची गाडी येती, तिच्यात बसतो."

बाजाराच्या दिवशी तो खरंच आला. उंबऱ्यात क्षणभर थांबून त्याने नाक वर केलं. मग भिंतीजवळ जाऊन बोटांच्या सांध्यांनी ती वाजवायला लागला. खालून वर, डावीकडून उजवीकडे. कुठे टणक आवाज यायचा, कुठे पोकळ. कोनाड्याखाली आल्यावर त्याने तळहात टेकवला आणि तसाच ठेवला.

"हिच्या पल्याड मोरी हाय," तो म्हणाला. "वरनं तान्हेली आन खालनं भिजल्याली. एका भितीला दोन रोग. मोरी हालल्याबिगर तुमचा चुना काय ठरायचा न्हाई. कोन ऱ्हातं तिकडं?"

"वैद्य."

"मंग बरंच झालं. हातबी दावून या."

म्हातारा अंगणात भाकरी खायला बसला आणि मी नऊ वर्षांत पहिल्यांदा वैद्यबुवांच्या ओसरीची पायरी चढलो. दोन रोगी बसले होते. वैद्यबुवांनी मला पाहिलं, खलातलं औषध घोटणं थांबवलं नाही. माझी पाळी आल्यावर मी दोन्ही हात पुढे केले.

"कशाने?"

"चुन्याने."

"चुना पानाला लावतात," ते म्हणाले.

त्यांनी आंबट ताक मागवलं, त्यात माझे हात बुडवून ठेवायला लावले, मग पुसून ज्येष्ठमधाचं तूप चोळलं. बोटं फार हळू हाताळत होते. तोंड मात्र तसंच. "तीन दिवस लिहायचं नाही. थापायचं तर त्याहून नाही. आणखी काही?"

"आपली मोरी," मी धीर करून म्हटलं, "तिचं पाणी भिंतीत मुरतंय असं एका जाणत्या गवंड्याचं म्हणणं आहे."

ते उठले आणि "या" म्हणून मला आत घेऊन गेले. आत भिंतीला लागून औषधांच्या बरण्यांची मांडणी होती आणि तिच्यावरून खाली धोतराचा एक जुना पडदा सोडला होता. त्यांनी पडदा बाजूला सारला. मागे गिलावा म्हणून काही शिल्लकच नव्हतं. विटा उघड्या पडल्या होत्या, सांध्यांतली माती गळत होती. आमच्याकडे परिस्थिती बरी होती म्हणायची.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सात-आठ वर्षं झाली. तुमच्या वडिलांच्या माघारी तुम्हाला सांगावं असं दोनदा मनात आलं. पण बोलणं नव्हतं."

मला हसू आलं. मी ते दाबायचा प्रयत्न केला, पण दारात वैद्यकाकू उभ्या होत्या, त्या आधी हसल्या, मग माझंही फुटलं. वैद्यबुवा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले.

"मोरी अंगणात नेतो," शेवटी ते म्हणाले. "तुम्ही ही बाजूही करा."

"अहो, पण मला येत नाही!"

"ते अंगणात वाहून आलं तेव्हाच कळलं. मलाही पहिल्या दिवशी नाडी सापडली नव्हती. करा."

मोरी हलली. भिंत आतून सुकायला वीस-बावीस दिवस जाऊ दिले. तोवर माझे हात भरून आले आणि अर्धी राहिलेली पोथी पुरी झाली. दरम्यान म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून अंगणात खड्डा घेऊन विझवलेला चुना त्यात पाण्याखाली निजवून ठेवला होता. "निजू द्या त्याला, घाई करू नका," असं तो दर बाजाराला येऊन सांगायचा आणि खड्ड्यात काठी घालून चुना कसा लागतो ते बघायचा. चुन्यात हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर आणि गूळ घालायचा होता. हे ऐकून वैद्यबुवांचा चेहरा उजळला. "म्हणजे हे औषधच झालं की," म्हणाले, आणि हिरडे स्वतः कुटून दिले. त्यांचा मोठा लोखंडी खल आमच्या अंगणात आला. चुन्याच्या घाणीवर बैल फिरवून चुना मळतात, ते काम आम्ही दोघांनी आळीपाळीने खलात केलं. त्यांच्या रोग्यांना मग आमच्या अंगणात येऊन नाडी दाखवावी लागायची. मी एकटा शिजवून खातो हे कळल्यावर वैद्यकाकूंकडून रोज वाटीभर आमटी यायला लागली. कुडावरून.

जुना गिलावा मी सगळा खरवडून काढला, विटांचे सांधे कोरले, आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतीला पाणी पाजलं. पहिल्या दिवशी ती घटाघटा प्यायली. तिसऱ्या दिवशी पाणी तसंच ओघळून खाली आलं. म्हाताऱ्याने तळहात लावून पाहिला आणि मान हलवली. "आता घ्या."

पहिला थर थापायचा नसतो, फेकून मारायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. थापीवर चुना घ्यायचा आणि मनगटाच्या झटक्याने भिंतीवर असा मारायचा की तो सांध्यांत घुसला पाहिजे. माझा चुना भिंतीवर हलकेच जाऊन बसायचा आणि खाली यायचा.

"मारा की!" म्हातारा ओरडला. "राग आल्यावानी मारा."

"मला राग येत नाही हो चटकन."

भिंतीपलीकडून आवाज आला, "पन्हळीची आठवण करा."

मी केली. चुना खाडकन बसला. मग दुपारभर तोच आवाज, म्हातारा चौरंगावर डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच म्हणायचा, "ह्यो लागला. ह्यो न्हाई लागला, काढा." न बघता त्याचं एकदाही चुकलं नाही.

भिंत वर चढत गेली, पण महिरप हटून बसली. कमानीच्या पोटाला लावलेला चुना हात काढला की गळायचा. म्हाताऱ्याने सांगितलं, "लिंबाएवढा घ्या, जास्ती न्हाई. दाबा आन हात काढूच नका. घासभर भाकरी खाऊन व्हईल तोवर धरा." हात वर धरून भाकरी खाणं शक्य नव्हतं. मग मी वेळ मोजायला एक स्तोत्र म्हणायला लागलो. एक श्लोक संपला की हात सोडायचा, दुसरा गोळा घ्यायचा, पुन्हा श्लोक. चुना ठरायला लागला! मान मोडून गेली, खांदे भरून आले, पण महिरप बोटाबोटाने पुढे सरकत होती. अकरावा श्लोक चालू असताना पलीकडून आवाज आला.

"'ण' आहे तो. 'न' नव्हे."

मी श्लोक पहिल्यापासून म्हटला. त्यामुळे तो गोळा दुप्पट वेळ धरला गेला, आणि सबंध महिरपीत तीच जागा सगळ्यांत पक्की बसली.

वरचा बारीक थर वस्त्रगाळ चुन्याचा. तो लावून गुळगुळीत गोट्याने घोटायचा. माझी बाजू झाल्यावर पलीकडे गेलो. तिथे वैद्यबुवा नुसते बसून सूचना देत होते, पण तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. त्यांनी थापी मागून घेतली आणि कोपऱ्यातला हातभर तुकडा स्वतः केला. त्या भिंतीवरचा सगळ्यांत वाईट तुकडा तोच आहे, आणि तो मी केल्याचं ते रोग्यांना सांगत असत.

पंधरा दिवस ओली गोणपाटं लावून भिंत दमट ठेवली आणि मग सासवडला निरोप धाडला.

सासरे स्वतः गाडी घेऊन आले. मागून ही उतरली, कडेवर मुलगी. मला आधी मुलगी बघायची होती, सासऱ्यांना आधी भिंत. त्यांचा मान म्हणून मी त्यांच्यामागून आत गेलो. त्यांनी काठीने भिंत वाजवली. वर, खाली, महिरपीच्या आत. कुठेच पोकळ आवाज आला नाही. मग ते चार पावलं मागे गेले, एक डोळा मिटला आणि भिंतीच्या कडेने पाहिलं.

"मध्ये पोट जरा पुढे आलंय," ते म्हणाले.

भिंतीपलीकडून तत्काळ उत्तर आलं, "वय झालं की येतं. आपलंही बघा."

मी गार पडलो. सासरे भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी खाली आपल्या अंगरख्याकडे पाहिलं, आणि असे खदखदून हसले की काठी हातातून सुटली. मी त्यांना हसताना लग्नातही पाहिलं नव्हतं.

"कोण आहेत हे?"

"शेजारी. वैद्य आहेत."

"भेटायला हवं," म्हणाले आणि बाहेर पडले.

खोलीत आम्ही तिघं उरलो. हिने भिंतीवरून हात फिरवला, कोनाड्यात डोकावून वरची महिरप पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खरं सांगायचं. कुणाकडून करून घेतली?"

"मीच केली."

"अहो, तुम्हाला खुंटी ठोकता येत नाही."

मी हात पुढे केले. बोटांवरची नवी, गुलाबी कातडी अजून चकाकत होती. तिने ती पाहिली, पुन्हा भिंत पाहिली, आणि मुलगी माझ्या हातांत दिली. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिने माझी शेंडी पकडली आणि सोडीना.

सासरे दुसऱ्या दिवशी निघणार होते. ते आठ दिवस राहिले. सकाळची पूजा आटोपली की शेजारी जायचे, आणि दोघं म्हातारे ओसरीवर सोंगट्यांचा पट मांडून बसायचे. जेवायला हाक मारली की दोघंही चिडायचे. पोटाच्या विकारावर एक चूर्णही सासऱ्यांना मिळालं, न मागता.

निघताना गाडीत बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाले, "सासवडच्या घरी माजघराची भिंत आहे. तिलाही ओल आलीय. माघात सवड आहे का तुम्हाला?"

मी होय म्हणालो. माघात मी आणि बिबवेवाडीचे बाबा भाड्याची गाडी करून दिवेघाट चढलो. बाबा वाटभर गाडीत झोपले. सासवडला उतरल्यावर त्यांनी हातपायही धुतले नाहीत, थेट माजघरात गेले, भिंतीवर बोटं वाजवली, आणि मला म्हणाले, "देवा, बाह्या वर करा. लई काम हाय."